डावा पीळ

भाईंदरजवळच्या राई गावच्या धर्माजीच्या हातात त्याच्या बायकोच्या बांगड्या चढायच्या. हसू नका. विमलाबाई स्वतः हे चारचौघींत सांगायची आणि सांगताना तिचा चेहरा फुलायचा, कारण त्याच हातामुळं गावात तिचा मान होता. गडी ताडमाड, मिठागरात करपून काळाकुळकुळीत झालेला, पण पंजा एवढा अरुंद आणि बोटं एवढी लांब की ब्रह्मदेवानं घाईघाईत कुण्या बाईचा हात याला चिकटवला असावा. अडलेल्या म्हशीच्या पोटात पाय मुडपून बसलेलं रेडकू सरळ करायचं तर असाच हात लागतो. मुर्ध्यापासून उत्तनपर्यंत कुणाचंही जनावर अडलं की पहिला निरोप धर्माजीला. तो मिठागरातून तसाच उठायचा, खांद्यापर्यंत खोबरेल चोळायचा, डोळे मिटायचा आणि हात आत घालायचा. डोळे का मिटायचे, तर म्हणायचा, आत अंधारच आहे, उघडे ठेवून करायचंय काय.

ही विद्या त्याला चुलत्यानं, बाबाजीनं दिली होती. विद्येबरोबर दोन नेम दिले. पहिला, या कामाचा पैसा घ्यायचा नाही. जनावर सुटलं की पाचव्या दिवशी मालकीण पहिल्या चिकाचा खरवस करून टोपभर घरी पाठवील, तो खायचा आणि गप्प बसायचं. दुसरा नेम पीळ पडलेल्या म्हशीचा. सगळी गोष्ट याच नेमापाशी अडली आहे, म्हणून तो नीट ऐका.

म्हशीचे दिवस भरत आले आणि ती कुठं घसरली, लोळली, की कधी कधी पोटातली पिशवीच गरकन फिरते. धुतलेलं लुगडं पिळावं तशी बाहेर यायची वाट पिळून बंद होते. मग ओढून रेडकू येत नाही. ओढत बसाल तर दोघांनाही मारून बसाल. अशा वेळी म्हशीला आडवी पाडायची, पुढचे दोन पाय एकत्र, मागचे दोन एकत्र बांधायचे, पोटावर फळी टेकवून एकानं तिच्यावर भार द्यायचा आणि बाकीच्यांनी दोर ओढून म्हैस झटक्यात उलथवायची. फळीखाली पिशवी दबून राहते, अंग तेवढं फिरतं, आणि पीळ सुटतो. अट एकच. पिशवी ज्या अंगाला फिरली असेल त्याच अंगाला म्हैस फिरवायची. उलटीकडं फिरवली तर पीळ सुटायचा राहिला बाजूला, आणखी चढतो.

बाबाजीचा नेम असा की म्हैस फिरवायची ती उजवीकडंच. देवाला प्रदक्षिणा घालतात ती उजवी, डावी घालतात ती चितेला. गोठ्यात जनावर डावं फिरवलं तर ज्यांनी दोराला हात लावला त्यांच्या घरातून वर्षाच्या आत तिरडी निघते. राईतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. आणि गंमत बघा, दहातल्या आठ-नऊ म्हशींचा पीळ उजवाच असतो, त्यामुळं नेमही खरा ठरायचा आणि बाबाजीही. उरलेली एखाद-दुसरी मरायची. तिचे दिवस भरले होते म्हणायचं. माणसांच्या बाबतीत तरी आपण दुसरं काय म्हणतो?

पण धर्माजीचा हात बाबाजीच्या हातापेक्षा शहाणा निघाला. पीळ पडलेल्या वाटेत बोटांना सुरकुत्या लागतात आणि त्या कुणीकडं वळत गेल्यात ते चाचपता येतं. मोर्व्याच्या एका म्हशीत त्या डावीकडं वळलेल्या लागल्या. नेमाप्रमाणं उजवी फिरवली, मेली. दोन वर्षांनी चौक गावात दुसरी तशीच लागली. तीही उजवी फिरवली आणि तीही गेली. धर्माजी काही बैल नव्हता. त्याला जे कळायचं ते कळलं, पण त्यानं ते कुणाला सांगितलं नाही, विमलाबाईलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ती मूठ शेजारच्या डोंगरी गावातल्या फ्लोरिनच्या अंगणात उघडायची वेळ आली एकोणीसशे सहासष्ट साली, दिवाळी नुकतीच सरली होती तेव्हा. फ्लोरिनचा नवरा गॅब्रियल बोटीवर असायचा, दोन-दोन वर्षं तोंड दिसायचं नाही. घरात फ्लोरिन, दोन पोरी, धाकटा दीर रॉक आणि रोजा. रोजा म्हणजे म्हैस, पण नुसती म्हैस म्हणाल तर फ्लोरिन तुमच्याशी बोलायची नाही. पोरींची शाळा, घरावरची कौलं, सणाचे कपडे, सगळं रोजाच्या दुधावर चालायचं. ती त्या घरातलं कमावतं माणूस होती. तिची आदल्या वेताची पारडी लिली गोठ्यात बांधलेली होती, आणि आता दुसऱ्या वेताला रोजा पहाटेपासून अडली होती.

धर्माजी आला तो रामू आणि शिवा या मिठागरातल्या आपल्या माणसांना घेऊनच. फ्लोरिननं अंगणातल्या क्रुसापुढं मेणबत्ती लावली होती. धर्माजीनं हाताला तेल चोळलं, डोळे मिटले, हात घातला. मनगट आत गेलं असेल नसेल, बोटांना सुरकुत्या लागल्या. डाव्या. शंकेला जागाच नव्हती.

डोळे उघडले तर समोर रामू आणि शिवा. दोघांनी न सांगता दोर उजव्या अंगाला मांडून ठेवलेले. शिवाची बायको पोटुशी होती. डावं फिरव म्हटलं असतं तर त्यानं दोर टाकून राईची वाट धरली असती आणि दिवस मावळायच्या आत गावभर झालं असतं की धर्मा फिरला, चुलत्याचा नेम मोडून परक्याच्या दारात चिता मांडायला निघाला. हे सगळं धर्माजीच्या मनात आलं. रोजाही आली, नाही असं नाही. पण आधी आपलं नाव आलं आणि मग रोजा आली. पुढं सात वर्षं त्याला टोचत राहिलं ते हेच.

"फिरवा," तो म्हणाला, आणि त्यांनी रोजाला उजवीकडं फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या खेपेला ती अशी कण्हली की फ्लोरिननं पोरींना घरात लोटलं. धर्माजीनं परत हात घालून बघितला तर मघाशी जिथं मनगट गेलं होतं तिथं आता दोन बोटं जाईनात.

रॉक तरुण पोरगा, त्याला काही हे बघवेना. कुणालाही न विचारता त्यानं सायकल काढली आणि भाईंदरहून गुरांच्या डॉक्टरला घेऊन आला. हे चुरी डॉक्टर. वसईकडचे, वय पंचविशीचं, गुरांच्या सरकारी दवाखान्यात येऊन त्यांना तीन-चार महिने झाले असतील. लोक त्यांना लसी टोचण्यापुरते ओळखत होते. डॉक्टर मात्र धर्माजीला ऐकून ओळखत होते. त्यांनी आल्या आल्या त्याला नमस्कार केला. एका शिकलेल्या माणसानं मिठागरातल्या माणसाला, चारचौघांदेखत. धर्माजीला तेव्हा तो नमस्कार फार गोड वाटला.

डॉक्टरांनी हात घालून बघितला. वाट सुजून बंद झाली होती, आतलं काही लागेना. आता पिळाची दिशा ज्याला ठाऊक होती असा माणूस त्या अंगणात एकच होता. डॉक्टर हात पुसत त्याच्याकडं वळले.

"धर्माजी, तुमचा हात आत गेला होता. पीळ कुणीकडून होता?"

अंगणात डोंगरीची दहा-पंधरा माणसं जमली होती. रामू बघत होता, शिवा बघत होता. डावा म्हणावं, तर लगेच कुणी तरी विचारणार की मग उजवी कशाला फिरवलीस.

"उजवा," धर्माजी म्हणाला.

एवढाच एक शब्द. डॉक्टरांनी त्या शब्दावर विश्वास ठेवला आणि स्वतः फळीवर उभं राहून रोजाला आणखी दोनदा उजवीकडं फिरवलं. जे थोडंफार उरलं होतं तेही आवळलं गेलं. मग त्यांनी फ्लोरिनला बाजूला घेऊन सांगितलं की आता पोट उघडून रेडकू काढण्यावाचून इलाज नाही, आणि त्यातही खात्री देता येत नाही. फ्लोरिननं क्रुसाकडं बघितलं आणि मान डोलावली.

भाताच्या टोपात पाणी उकळून हत्यारं त्यात टाकली. रोजाच्या डाव्या कुशीवरचे केस वस्तऱ्यानं काढले, कातडी बधिर करायची सुई जागोजाग टोचली. धर्माजीकडं वेसण धरायचं काम आलं. त्यानं आयुष्यात शेकडो जनावरांच्या आत हात घातला होता, पण आतलं कधी बघितलं नव्हतं. डॉक्टरांनी वीतभराच्या वर कुशी उघडली आणि हात आत घातला. हात खांद्यापर्यंत गेला, आत पिशवीवरून फिरला आणि थांबला.

डॉक्टरांनी मान वर करून धर्माजीकडं बघितलं. रागानं नाही. एखाद्याच्या घरी जेवायला जावं आणि ताटात खडा लागावा, तसं. धर्माजीनं मान खाली घातली आणि रोजाच्या कानामागं उगाच खाजवू लागला. आत पिशवी कुणीकडं फिरली आहे ते आता डॉक्टरांच्या हातात होतं. त्यांच्यापासून काय लपणार?

पिशवी जांभळासारखी काळी पडली होती. रेडकू मेलेलं निघालं. डॉक्टरांनी पीळ सोडवला, एकेक थर शिवत आणला, घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. विहिरीवर हात धुताना फ्लोरिननं त्यांना विचारलं, असं कसं झालं. धर्माजी तीन पावलांवर उभा होता. त्याला वाटलं, झालं, आता हे नाव घेतात.

"माझा अंदाज चुकला, बाई," डॉक्टर म्हणाले. "शेणाच्या वाटेनं हात घालून मी स्वतः बघायला पाहिजे होतं. ते मी केलं नाही."

रोजा दुसऱ्या दिवशी दुपारी गेली.

पाचव्या दिवशी राईला धर्माजीच्या दारात रॉक उभा, हातात टोप. रोजाच्या कासेत चीक उतरला होता, तो फ्लोरिननं ती मरायच्या आधी काढून ठेवला होता आणि त्याचा खरवस केला होता. निरोप असा की धर्मादादा झटला, त्याचा नेम मोडायचा नाही. धर्माजीनं तो टोप घेतला आणि रॉककडं न बघता आत नेऊन ठेवला. विमलाबाईनं वड्या पाडल्या, शेजारीपाजारी वाटल्या, त्याला वाढल्या. पोट बरं नाही म्हणून तो उठला. खाई त्याला खवखवे म्हणतात. याला न खाताच खवखवत होतं.

आठवड्यानं डॉक्टरांनी त्याला दवाखान्यात बोलावलं. आत दोघंच होते, दार लोटलेलं होतं. डॉक्टरांनी खुर्ची पुढं केली आणि सरळ विचारलं, "तुमच्या हाताला तेव्हा कळलं होतं ना?" इथं तरी बोलायचं की नाही? ना रामू होता, ना शिवा. खरं म्हणजे धर्माजी तेच बोलायला घरून निघाला होता. पण वाटेत भाईंदरच्या बाजारात दोघांनी त्याला रामराम घातला होता, एकानं तर चहा पाजून म्हटलं होतं की त्या पोरसवदा डॉक्टरपेक्षा आमचा धर्मा बरा. त्या चहाची चव अजून जिभेवर होती.

"न्हाय साहेब," तो म्हणाला. "आमाला अडान्याला काय कळतंय त्यातलं."

डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, कळत नसेल तर शिकवतो, दर गुरुवारी या. आणि धर्माजी दर गुरुवारी जात राहिला, कारण नाही म्हणायला तोंडच नव्हतं. डॉक्टर टॉवेल पिळून दाखवायचे, सुरकुत्या इकडं वळल्या तर पीळ डावा, तिकडं वळल्या तर उजवा. जे त्याच्या बोटांना मोर्व्यापासून ठाऊक होतं ते तो मान डोलवत, नव्यानं कळल्यासारखं ऐकायचा. "असं हाय होय," म्हणायचा. आणि डॉक्टरांना ठाऊक होतं की याला ठाऊक आहे. तरी ते पुन्हा पुन्हा विचारायचे, समजलं का? शाळेत मास्तरांच्या छड्या खाल्लेला माणूस होता तो, पण या टॉवेलासारखा मार त्याला कुणी दिला नव्हता.

इकडं गावोगाव बोभाटा झाला. डॉक्टरानं धडधाकट म्हैस फाडून मारली. मेल्या म्हशीला मणभर दूध, त्यामुळं रोजा मेल्यावर रोज दोन शेर जास्तच द्यायला लागली. डॉक्टरांना लोक फाड्या म्हणू लागले, तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत. त्यांची सायकल दिसली की पोरं ओरडून पळायची. आणि धर्माजीचं नाव मात्र चढत गेलं. डॉक्टर असतानाही जो शेवटपर्यंत वेसण धरून बसला, तो धर्माजी! वेसण का धरून बसला होता ते त्याचं त्याला ठाऊक.

मुर्ध्याच्या सरूबाईची गाय अडली तेव्हा धर्माजीनं हात घालून सांगितलं की वासरू मोठं आहे, वाट लहान आहे, हे माझ्या हातचं काम नाही, डॉक्टरला बोलवा. पोट उघडून निघेल, दोघं वाचतील. सरूबाई अंगावर आली. त्या फाड्याला? रोजाचं काय केलं त्यानं, तूच होतास ना तिथं? धर्माजी होता तिथं. हाताचं तेल पुसत तो बाजूला झाला. गाय दिवस मावळायच्या आत वासरासकट मेली, आणि सरूबाई म्हणाली, धर्माच्यानं झालं नाही ते कुणाच्यानं झालं नसतं. घरी येताना तो मिठागराच्या बांधावर बसून रडला. त्या गाईला ना पीळ होता ना नेम आडवा आला होता. तिला त्याच्या एका शब्दानं मारलं होतं, दोन वर्षांपूर्वी, दुसऱ्याच्या अंगणात.

अडुसष्ट साली डॉक्टरांची वसईला बदली झाली. दवाखान्यात जाऊन निरोप घ्यावा असं धर्माजीच्या फार मनात होतं. तो गेला नाही.

वर्षं गेली. विमलाबाईला कळेना की याला झालंय काय. खरवस घरात आला की हा उठून जायचा. पूर्वी जनावर सुटल्यावर चार थट्टा करायचा, आता हात धुतला की चालू लागायचा. कुणी हाताचं कौतुक केलं तर तो हात पाठीमागं घ्यायचा. गाव म्हणायचं, वय झालं, माणूस शांत झाला. माणूस शांत झालाय की आतून कुजतोय हे गावाला कुठून दिसणार?

त्र्याहत्तर साल. भात कापून झालं होतं. डोंगरीहून रॉक सायकलवर आला, आता दोन पोरांचा बाप झालेला. लिली अडली होती. रोजाची लिली. फ्लोरिननं तिच्यावर पुन्हा संसार उभा केला होता, धाकटीचं लग्न नाताळानंतर ठरलेलं होतं. धर्माजीनं विचारलं, भाईंदरच्या डॉक्टरला का नाही बोलावलं? रॉक म्हणाला, वहिनी म्हणते, पुन्हा डॉक्टर नको, धर्मादादाच हवा.

तेच अंगण, तोच क्रूस, तशीच मेणबत्ती. रामू आणि शिवाही तेच, केस तेवढे पिकलेले. धर्माजीनं तेल चोळलं. या खेपेला त्यानं डोळे मिटले नाहीत. हात आत गेला, बोटांना सुरकुत्या लागल्या. डाव्या. देवानं दुसऱ्यांदा तोच प्रश्न घातला होता, तोच, एक कानामात्रा न बदलता.

शिवा दोर उजव्या अंगाला मांडत होता.

"शिवा, थांब," धर्माजी म्हणाला. "पीळ डावा हाय. डावीकडं फिरवायची."

शिवाचा दोर हातातच राहिला. "दादा, डोकं ठिकानावर हाय ना?"

"हाय. सात वर्सांनी आलंय."

शिवानं दोर खाली ठेवला आणि कुंपणापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. रामू ना इकडं ना तिकडं. धर्माजी फ्लोरिनकडं वळला आणि त्यानं तिला चुलत्याचा नेम सांगितला, देवाची प्रदक्षिणा, चितेची प्रदक्षिणा, दोराला हात लावणाऱ्याच्या घरची तिरडी, सगळं. आपल्या दारात असं काही करायला तुझी ना असेल तर तसं सांग म्हणाला. फ्लोरिननं शांतपणे ऐकून घेतलं.

"डावी फिरवली तर म्हस सुटंल?"

"सुटंल."

"मग इचारतोस काय? आमच्या देवाला डावं-उजवं न्हाय."

धर्माजी तिच्याकडं बघतच राहिला. सात वर्षांपूर्वी याच अंगणात, याच बाईला त्यानं विचारलं असतं तर ती हेच म्हणाली असती. राईची भीती तो ख्रिस्तावाच्या दारात घेऊन आला होता आणि ज्यांच्या दारात आला त्यांना साधं विचारलंही नव्हतं.

दोराला रॉक लागला, शेजारची सेलेस्टिन पदर खोचून लागली, स्वतः फ्लोरिन लागली. शेवटी रामूही आला, तोंडानं रामराम म्हणत. धर्माजी फळीवर उभा राहिला. लिलीला डावीकडं उलथवली मात्र, एकदाच, आणि बांध फुटावा तसं पाणी आलं. धर्माजीनं हात घातला तर वाट मोकळी होती, कोपरापर्यंत मोकळी. दोन पाय हाताला लागले, मग नाकाडं. रेडकू बाहेर आलं, शिंकलं आणि मान हलवू लागलं. सेलेस्टिन हसत सुटली. कुंपणापाशी शिवानं वळून बघितलं.

फ्लोरिन गोणपाटानं रेडकू पुसत बसली होती. धर्माजी तिच्यासमोर उभा राहिला, रक्ता-तेलानं माखलेला हात तसाच लोंबत. सगळी ऐकत होती, आणि सगळ्यांनी ऐकावं असंच त्याला वाटत होतं.

"फ्लोरिनबाय, रोजाचा पन डावाच व्हता."

तिचा हात थांबला. "तुला कवा कळलं?"

"हात घातला तवाच."

"आनि डाक्टरनं इचारलं तवा?"

"उजवा सांगितला."

फ्लोरिननं रेडकाचे कान पुसले, मग पाय पुसले. बराच वेळ पुसत राहिली. मग वर न बघता म्हणाली, साबण विहिरीवर आहे, हात धू आणि जा.

राईत दुसऱ्या दिवशी व्हायचं ते झालं. काही म्हणाले धर्माला वेड लागलं, काही म्हणाले आता रामूच्या घरात काय होतंय ते बघा. विमलाबाई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं एवढंच विचारलं, त्या रोजाचा खरवस मला खाऊ कसा दिलास? तिच्या हातच्या बांगड्या त्या दिवसापासून कुणी त्याच्या हातात चढवून बघितल्या नाहीत.

पाचव्या दिवशी फ्लोरिन स्वतः आली, डोंगरीहून चालत, हातात फडक्यानं बांधलेला टोप. विमलाबाई तो घ्यायला पुढं झाली, तर फ्लोरिननं टोप मागं घेतला.

"हा तुमचा न्हाय," ती म्हणाली. मग धर्माजीकडं बघून, "डाक्टरला नेऊन दे. आनि टोप परत आन."

धर्माजी तसाच निघाला. खाडीच्या पुलावरून गाडी जाताना टोप मांडीवर घट्ट धरून बसला होता. वसईच्या दवाखान्यात चुरी डॉक्टर ओसरीवर एका शेळीचा पाय बांधत होते. चष्मा लागला होता, कपाळ मोठं झालं होतं. त्यांनी त्याला लगेच ओळखलं, पण नमस्कार केला नाही. धर्माजीनं टोप पायरीवर ठेवला, फडकं सोडलं आणि उभ्या उभ्या सांगितलं की हा फ्लोरिनच्या लिलीचा, म्हैस सुटली, रेडकू जिवंत आहे.

डॉक्टरांनी शेळीची पट्टी पुरी केली. हात धुतले. मग सात वर्षांपूर्वी विचारलं होतं तसंच विचारलं.

"पीळ कुणीकडून होता?"

"डावा," धर्माजी म्हणाला. "लिलीचा बी, आनि रोजाचा बी."

"रोजाचा मला ठाऊक आहे. माझा हात आत होता." डॉक्टर पायरीवर बसले, चष्मा काढून पुसू लागले. "मला तो पोट उघडायच्या आधी ठाऊक हवा होता, धर्माजी."

धर्माजीला वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी आतून ताटली आणली, खरवसाच्या वड्या काढल्या, एक खाल्ली, मग दुसरी. तिसरी ताटलीत ठेवून ताटली त्याच्याकडं सरकवली. धर्माजीनं ती हातात घेतली, थोडा वेळ धरली आणि परत ठेवली. टोप धुवायला नळ कुठं आहे ते विचारलं.

संध्याकाळच्या आत तो डोंगरीला पोचला. फ्लोरिन अंगणात लिलीला पेंढा घालत होती. त्यानं टोप तिच्या हातात दिला. तिनं आत डोकावून बघितलं, स्वच्छ होता.

"काय म्हनला?"

धर्माजीनं डॉक्टरांचं वाक्य तिला जसंच्या तसं सांगितलं. त्यातला एक शब्दही बदलला नाही.

"तुला दिलं त्यानं?"

"दिलं."

"खाल्लंस?"

"न्हाय."

"बरं केलंस," फ्लोरिन म्हणाली, आणि टोप घेऊन घरात गेली.